थांबणे : एक परिचय

‘आज थांबावं लागेल’ हे वाक्य कर्त्यावाचून पूर्ण होते. कोणी थांबायचे, कोणामुळे, किती वाजेपर्यंत, यातले काहीही त्यात सांगावे लागत नाही. सांगणारा साहेब वाक्यात नसतो आणि ऐकणाराही नसतो. मराठी व्याकरणाने साहेबवर्गावर केलेला हा जुना उपकार आहे.

थांबणे आणि काम करणे या दोन वेगळ्या क्रिया होत. काम बहुधा साडेपाचला उरकलेले असते. थांबणे सव्वासहाला सुरू होते. त्या वेळी हिंजवडीतल्या एखाद्या मजल्यावर सर्वांत मोठा आवाज बॅगेच्या चेनचा असतो. तो होताच चार माना वळतात आणि सकाळी अकराला उगवलेला एकजण विचारतो, ‘काय, आज हाफ डे?’ म्हणून मुरलेला माणूस बॅग दुपारीच गाडीच्या डिकीत ठेवून येतो आणि सव्वासहाला रिकामी बाटली घेऊन, पाणी भरायला निघाल्यासारखा उठतो. खुर्चीवर स्वेटर राहतो. पुण्यात भर मे महिन्यातही खुर्च्यांवर स्वेटर दिसतात, त्याचे श्रेय एकट्या एसीला देऊ नये.

साहेब थांबतात, कारण वाकडच्या पुलावरची गर्दी ओसरलेली नसते. साहेब बसलेत म्हणून टीम बसते. टीम बसलेली पाहून साहेबांना वाटते की काम अडले असणार, आता उठणे बरे दिसणार नाही. या चक्रातून रोज सहाला बाहेर पडते ती फक्त जिच्या मुलाचे पाळणाघर सातला बंद होते अशी आई. तिने डबाही टेबलावरच खाऊन काम संपवलेले असते. वार्षिक मूल्यमापनात तिच्या नावापुढे ‘कमिटमेंट वाढवण्यास वाव’ असे लिहितात.

कायद्याला हा प्रकार ‘जादा काम’ या नावाने ठाऊक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि पुढच्या तासांना दुप्पट मजुरी लावली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही जादा तासांना दुप्पट वेतन आहे. व्यवस्थापकीय पदांना मात्र यातून सूट मिळते. त्यामुळे ज्याच्या हाताखाली चहावालाही नाही, त्याच्या कार्डावर ‘मॅनेजर’ छापून येते. न्यायालये पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहतात हे खरे, पण न्यायालयेही दिवसाच उघडी असतात. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. आपल्याकडे त्यासाठी सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले. तेही थांबले.

उपाय म्हणून सांगितल्या जाणाऱ्या सबबींना फार आयुष्य नसते. आईचे आजारपण वर्षातून दोनदा चालते, टँकर येण्याची वेळ उन्हाळाभर, आणि ‘घरी जायचंय’ ही सबब कोणत्याच ऋतूत चालत नाही. त्यापेक्षा तोंडी ‘थांब’ला मेलवर उत्तर देणे गुणकारी ठरते : कोणते काम, किती वाजेपर्यंत आणि बदली सुट्टी कोणत्या तारखेला? या तीन प्रश्नांनंतर बरीचशी तातडीची कामे आपोआप सकाळवर जातात, कारण लिहायला बसले की वाक्याला कर्ता द्यावा लागतो.

काम किती वाजेपर्यंत, हा प्रश्न मुंबईत आधीही निघाला होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने जमलेल्या गिरणी कामगारांनी मागितले की आठवड्यात रविवारची सुट्टी असावी, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. सूर्यास्ताचे कळायला आता मार्ग नाही. काचेच्या इमारतींत स्क्रीनवर ऊन येते म्हणून पश्चिमेकडचे पडदे दुपारी तीनलाच ओढून घेतात.