गोधडीतली स्कूटर

डिसेंबर लागला की निफाडचा पारा नाशिककरांच्या मालकीचा होतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तो चार-पाच अंशांवर आल्याची बातमी वाचली की आमच्या कॉलनीत असा अभिमान पसरतो, जणू रात्री उठून प्रत्येकाने तो हाताने खाली ओढलाय. मग स्वेटर निघतात, कानटोप्या निघतात आणि शेजारच्या काकांची गोधडी निघते. गोधडी काकांसाठी नाही, त्यांच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरसाठी. तीही काकूंच्या आईने लुगड्यांची शिवलेली. यावर काकूंचे जे मत आहे, ते इथे छापता येणार नाही.

"इंजिनला ऊब नको का रे?" काका विचारतात.

आता गोधडी काही ऊब तयार करत नाही. ऊब आतल्या माणसाची. गोधडी ती नुसती बाहेर जाऊ देत नाही. संध्याकाळी बंद केलेल्या इंजिनात पहाटेपर्यंत अडवून ठेवण्यासारखे काही उरतच नाही. मी हे काकांना नीट समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुझी झाली का सुरू?"

पुढे स्की आणि मागे पट्टा लावून खोल बर्फात घुसणाऱ्या स्नोबाइकला पांघरूण घातले तर समजू शकते. तिथे उडणारा बर्फ चालत्या इंजिनाची उष्णता खातो, हवेच्या वाटेत शिरतो. लडाखात तर हिवाळ्यात डिझेलच थिजायचे आणि ट्रकवाले टाकीखाली जाळ करायचे. अखेर नोव्हेंबर २०१९मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल तिथे आणले. पेट्रोल उणे चाळीसलाही थिजत नाही. तेवढे कर्तृत्व निफाडच्या पाऱ्यातही नाही.

आपल्याकडचे दुखणे साधे असते. गारठ्यात पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची. ऑइल घट्ट होते, म्हणून पहिल्या काही किका वाया जातात. पण काकांची किक वाया जायला लागली की कॉलनी जमते. एक म्हणतो प्लग काढ, पॉलिश पेपरने घास. दुसरा म्हणतो स्कूटर कलती कर. तिसरा नुसताच म्हणतो, "आता विका काका." हा तिसरा दरवर्षी असतो.

मागच्या हिवाळ्यात काकांनी शेकोटीही सुचवली. मेहुण्याची पिंपळगावला द्राक्षबाग आहे, तिथे त्यांनी पाहिली होती. ती शेकोटी मात्र खरी गरजेची. कडाक्याच्या थंडीत द्राक्षमणी तडकतात, म्हणून बागायतदार पहाटे बागेत ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात, ठिबकचे पाणी सोडतात. विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असते. वर्षभराची कमाई वेलीवर लटकत असताना माणूस झोपणार कसा? पण तोच प्रयोग पेट्रोलच्या टाकीखाली करायचा म्हटल्यावर काकू पाण्याची बादली घेऊनच खाली आल्या.

गोधडीचा खरा लाभार्थी कॉलनीतला बोका आहे. तो सीटवर, गोधडीच्या आत, सकाळपर्यंत गाढ झोपतो. तेव्हा तुम्हीही स्कूटरला पांघरूण घालणारच असाल, तर सकाळी आधी ते उचलून बघा, आत कोणी असेल तर त्याला उतरू द्या आणि मगच किक मारा.