पाऊणशे टक्के मास्तर

बँकेनं दिलेली मर्यादा वापरणं हा आता गुन्हा झाला आहे, आणि आमच्या हिमायतनगरात या गुन्ह्यात सापडले ते जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक मास्तर. माणूस असा की पगार झाला की किराणा दुकानाच्या वहीतलं त्यांचं पान त्याच संध्याकाळी कोरं होतं. (पगार लांबला तर वहीही लांबते, पण त्यात मास्तरांचा दोष नाही, हे दुकानदाराला कळतं. त्याला कुणी स्कोअर काढायला शिकवलेलं नाही.) या मास्तरांनी दुसऱ्या क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला आणि मोबाइलवर उत्तर आलं : आपण उपलब्ध मर्यादेचा वापर जास्त करत असल्याने अर्ज नामंजूर.

परमेश्वर मंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या टपरीवर मास्तरांनी तो मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला. टपरीवाल्यानं गाळणी झटकत विचारलं, "मंग ती मर्यादा वापरायला दिली व्हती का बघायला?"

बँकिंग क्षेत्रातल्या एकाही तज्ज्ञानं हा प्रश्न इतक्या नेमकेपणानं मांडल्याचं आमच्या तरी वाचनात नाही.

झालं होतं असं. मास्तरांच्या पहिल्या कार्डाची मर्यादा 40 हजारांची. पोरगं लातूरला नीटच्या क्लासला. मराठवाड्यात पोरगं दहावीत हुशार निघालं की बापाला लातूर गाठावंच लागतं, त्याला पर्याय नाही. खोलीचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, फीचा हप्ता असं करता करता 30 हजार कार्डावर गेले. बिल आलं, मास्तरांनी मुदतीच्या आत पैन्‌पै भरली. व्याजाचा एक रुपया बँकेला मिळू दिला नाही. कदाचित खरा गुन्हा तोच असावा. पण बिल निघताना जी रक्कम दिसत होती, तीच बँकेनं कर्जदारांची पत नोंदवणाऱ्या सिबिल कंपनीला कळवून टाकली होती. 40 पैकी 30, म्हणजे 75 टक्के. जाणकार म्हणतात, 30 टक्क्यांच्या आत राहावं. मास्तर पाऊणशे टक्के निघाले आणि पैशाची ओढाताण असलेला इसम म्हणून त्यांची नोंद झाली.

आता गणित मास्तरांच्याच विषयातलं असल्यानं ते त्यांनी फळ्यावर मांडावं तसं आम्हाला मांडून दाखवलं. 40 हजारांचे 30 टक्के म्हणजे 12 हजार. म्हणजे दाखवायला 40, वापरायला 12, आणि वरचे 28 हजार शोकेसमधल्या कपबशांसारखे, पाहुणे आले तरी काढायचे नाहीत. आता हिंजवडीतला एखादा साहेब घ्या. त्याच्या कार्डाची मर्यादा 4 लाख. त्यानं हेच 30 हजार एका रविवारी मॉलमध्ये उडवले, तरी त्याचा वापर भरतो साडेसात टक्के. तो शिस्तीचा ग्राहक. त्याला तिसरं कार्ड घरपोच. पोराच्या शिक्षणाला तेवढीच रक्कम घालणारा मास्तर मात्र उधळ्या. रक्कम तीच आहे, पैसे वेळेवर दोघांनीही भरले आहेत. फरक फक्त खालच्या आकड्यात आहे, आणि तो आकडा बँकेनंच ठरवलेला आहे. गावाकडच्या माणसाला आधी मर्यादा तोकडी द्यायची आणि मग ती पुरत नाही म्हणून त्यालाच बोल लावायचा, असा हा न्याय.

बरं, यावर औषध काय? दुसरं कार्ड! समजा, दुसऱ्या कार्डावर 60 हजारांची मर्यादा मिळाली असती, तर एकूण झाली असती 1 लाख आणि मास्तरांचे 30 हजार बरोबर 30 टक्क्यांवर येऊन बसले असते. म्हणजे ज्या दुखण्यासाठी कार्ड नाकारलं, ते दुखणं ते कार्ड मिळाल्यानंच बरं होणार होतं. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण आमच्याकडं आधीपासून होती. बँकांनी तिची नियमावली केली, एवढंच.

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर फेब्रुवारी 2025 मधली अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची बातमी आठवते. पसंती झाली होती, बोलणी शेवटच्या टप्प्यात आली होती. तेवढ्यात मुलीच्या मामानं मुलाचा सिबिल मागितला. मुलाच्या नावावर बऱ्याच बँकांची कर्जं निघाली, स्कोअर घसरलेला निघाला आणि सोयरीक मोडली. मामाचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही, भाचीचा संसार त्याला बघायचा होता. पण पूर्वी पत्रिका जुळवताना 36 गुण असायचे आणि 18 वर भागायचं. आताची पत्रिका 300 पासून 900 पर्यंत चालते आणि तिच्यात पगार धरलाच जात नाही.

मास्तरांना मात्र बँकेनं अगदीच वाऱ्यावर सोडलं नाही. नामंजुरीच्या दुसऱ्याच दिवशी त्याच बँकेतून फोन आला.

"सर, आपल्यासाठी खास प्री-अप्रूव्ड ऑफर आहे."

"ताई, तुमच्या बँकेनं कालच मला नाही म्हणून कळवलंय."

"ते कार्डचं डिपार्टमेंट, सर. मी पर्सनल लोनमधून बोलतेय."

म्हणजे मास्तरांवर कर्जाचा ताण फार आहे म्हणून कार्ड नाही. आणि ताण आहेच, तर हलका करायला आणखी कर्ज घ्या!

शेतकऱ्याला हे सगळं सांगायला गेलं तर तो हसेल. किसान क्रेडिट कार्ड 1998 पासून आहे आणि तेव्हापासून त्याचा वापर शंभर टक्केच आहे. मृगाच्या तोंडावर मंजूर झालेली सगळी रक्कम उचलायची. व्याजाची सवलत जाऊ नये म्हणून 31 मार्चच्या आत पाव्हण्याकडून, आडत्याकडून, नाहीच जमलं तर सावकाराकडून हातउसने घेऊन भरायची, आणि लगेच पुन्हा उचलायची. याला नवं-जुनं म्हणतात. ते कर, असं शाखेतले साहेब स्वतःच सांगतात. इथं कुणी 30 टक्क्यांचं नाव काढत नाही. काढलं तर सोयाबीनच्या तीन सऱ्या पेरायच्या आणि सात पडीक ठेवायच्या, असा हिशेब होईल. 2025 च्या अतिवृष्टीत मात्र दहाही सऱ्या सारख्याच पाण्यात बसल्या.

पीककर्जाला सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं. गुन्हे नोंदवण्याची भाषाही झाली. बँकांनी ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात आपल्याकडच्या बँका कुणाला हार जात नाहीत. तरीही सरकारनं हा विषय हाती घेतला हे योग्यच झालं, कारण या दुखण्याचा अनुभव खुद्द सरकारला आहे. राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात कर्जाचा अंदाज 9 लाख 32 हजार कोटींचा होता. हे राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या 19 टक्क्यांच्या आसपास जातं, आणि मर्यादा 25 टक्क्यांची आहे, आम्ही तिच्या आत आहोत, असं दरवर्षी अभिमानानं सांगितलं जातं. 25 पैकी 19! भागाकार करून बघा, पाऊणशे टक्केच येतात, वर चिल्लर. म्हणजे सरकार आणि आमचे मास्तर एकाच पंगतीचे. फक्त सरकारचा हा आकडा विधानसभेत बाकं वाजवून स्वीकारला जातो आणि मास्तरांचा सिबिलवर लागतो.

मास्तरांनी कार्डाचा नाद अजून सोडलेला नाही, कारण पोराचं बारावीचं वर्ष पुढं आहे. त्यांच्यासारखे जे कुणी असतील, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगून सदर संपवतो. मोठा खर्च झाला असेल तर भरण्याच्या शेवटच्या तारखेची वाट बघू नका. बिल निघण्याच्या तारखेआधीच पैसे टाका, म्हणजे सिबिलकडं जाणारा आकडा लहान राहतो. 1 जानेवारी 2025 पासून बँकांना ही माहिती निदान दर पंधरवड्याला कळवावी लागते, तेव्हा मोठी रक्कम फेडल्यावर महिनाभर थांबून मगच अर्ज करा. सिबिलसकट देशात अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मागवा आणि त्यात आपल्या नावावर भलत्याचं कर्ज चढलेलं नाही ना, ते बघा. आणि कार्ड नाकारलं, तर नेमकं कारण लेखी मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ते देणं कार्ड कंपनीवर बंधनकारक आहे.