दोघांची झोळी

दोन झाडांच्या मध्ये टांगायचे, दोन माणसांचा भार पेलणारे आणि घडी केल्यावर नारळाएवढ्या पिशवीत मावणारे कापड बाजारात ‘डबल हॅमॉक’ या नावाने मिळते. मराठीत त्याला झोळी म्हणायला हरकत नाही. पण झोळी म्हटले की एक तर गोसावी आठवतो नाहीतर तान्हे बाळ, आणि काही हजार रुपये मोजून सॅक भरणाऱ्या ट्रेकरला यांपैकी काहीच व्हायचे नसते. वस्तू मात्र तीच. उसाच्या फडाकडेला बाभळीच्या फांदीला जुने लुगडे बांधून त्यात पोर निजवतात, तेव्हा या विद्येचे सगळे नियम पाळलेले असतात: कापड सैल, गाठ पक्की आणि आत माणूस एकच. जुळी असली तर घरचे दुसरे लुगडे शोधतात. कारखानदारांनी नेमका हा शेवटचा नियम मोडला आणि दोघांच्या झोळीचा जन्म झाला.

हॅमॉक हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा. स्पॅनिशमार्गे तो जगभर गेला. १४९२ साली कोलंबस त्या बेटांवर उतरला, तेव्हा तिथली माणसे सुती जाळ्या टांगून त्यांत झोपत होती. कोलंबस निघाला होता हिंदुस्थानच्या शोधात. तो खरोखर इथे पोचता तर त्याला अशीच टांगलेली वस्तू दिसली असती, फक्त आतून रडण्याचा आवाज आला असता. पुढे युरोपातल्या जहाजांनी झोळी उचलली, कारण जहाज कलंडले तरी झोळी लंबरेषा सोडत नाही आणि खलाशी जमिनीवर लोळत जात नाही. इंग्रजी आरमारात झोळी टांगायला माणशी १४ इंच रुंदीची जागा मिळे. लोकलमधल्या चौथ्या सीटचा उगम शोधणाऱ्यांनी हा आकडा टिपून ठेवावा.

आजच्या दोघांच्या झोळीची लांबी साधारण २.८ मीटर आणि रुंदी १.९ मीटर असते. एकट्याची झोळी सुमारे १.४ मीटर रुंद असते. म्हणजे दुसऱ्या माणसासाठी कारखान्याने दिलेली अधिक जागा हातभर. पिशवीवर छापलेली १८० किलोची क्षमता खरी असते, पण ती कापड किती वजनाला फाटणार नाही ते सांगते. त्या वजनाच्या माणसांना झोप लागेल की नाही, याबद्दल ती मौन पाळते. बाकावर ‘चार जणांसाठी’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ बसण्यापुरता घ्यायचा असतो. इथेही तसेच आहे.

कापड पारखताना पहिला शब्द कानावर पडतो तो डेनियर. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. दोघांच्या झोळ्या बहुधा ७० डेनियरच्या नायलॉनच्या असतात आणि झाडाला बांधायच्या पट्ट्यांशिवाय त्यांचे वजन ५०० ते ६०० ग्रॅम भरते. ४० डेनियरचे कापड हलके पडते; २० डेनियरचे इतके तलम की त्यावर बसण्याआधी माणूस खिशातल्या किल्ल्या, पट्ट्याचे बक्कल आणि आदल्या रात्रीचे जेवण यांचा विचार करतो. दोघांनी ७० वरच थांबणे शहाणपणाचे. कापड ‘रिपस्टॉप’ असावे, म्हणजे त्यात ठरावीक अंतराने जाड धाग्याची चौकड असते आणि करवंदीच्या काट्याने पडलेले भोक त्या चौकडीपाशी अडते. नायलॉन ओले झाले की ताणते, त्यामुळे संध्याकाळी खुर्चीच्या उंचीवर बांधलेली झोळी पहाटे दवाने पाटाच्या उंचीवर आलेली असू शकते.

झोळीइतकेच महत्त्व पट्ट्यांना आहे, आणि खरेदीत ते विसरण्याची प्रथाही तितकीच रूढ आहे. पट्टे निदान अडीच सेंटिमीटर रुंद आणि पॉलिस्टरचे हवेत. पॉलिस्टर नायलॉनइतके ताणत नाही. कपडे वाळत घालायची दोरी बरोबर आहेच, मग पट्टे कशाला, असे म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. बारीक दोरी वजनाखाली सालीत रुतते, आणि झाडाने पानांत रांधलेले अन्न खाली नेणारी वाट सालीच्या आतच असते. झाडाने फुकट जागा द्यायची आणि वर त्याचाच गळा आवळायचा, हे भाडेकरू म्हणूनही शोभत नाही. पट्टा आणि झोळी जोडणारे कॅरॅबिनर वजनाचा आकडा छापलेले असावेत. किल्लीच्या जुडग्याला लावायचे रंगीत कॅरॅबिनर किल्ल्यांसाठीच असतात.

आता बांधणी. दोघांचे मिळून वजन १३० किलो धरले, तर दोन पट्टे ते ६५-६५ किलो वाटून घेतील असे वाटते. भार निम्मानिम्मा वाटला जाईल हा समज संसारात चुकतो तसाच इथेही चुकतो. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक पट्ट्यावर पुरे १३० किलोचा ताण येतो. कोन १० अंशांवर आणला की ताण सुमारे ३७५ किलो होतो, आणि ५ अंशांवर साडेसातशेच्या घरात जातो. ताठ बांधले म्हणजे नीट बांधले, हा संस्कार आपल्यावर गच्चीतल्या दोरीने केलेला आहे; झोळीत तो धोक्याचा. ३० अंश मोजायला कोनमापक लागत नाही. हाताची बंदूक करावी, म्हणजे तर्जनी आडवी आणि अंगठा उभा; दोन्ही टोकांना जोडणारी रेषा पट्ट्याशी जुळली की काम झाले. आत बसल्यावर कापड जमिनीपासून खुर्चीइतके, म्हणजे अर्ध्या मीटरच्या आसपास वर असावे. जिथून पडलो तर हसून उठता येईल, त्याहून उंच झोळी बांधू नये.

झाडे चार-पाच मीटर अंतरावरची, जिवंत आणि मांडीहून जाड खोडाची हवीत. सह्याद्रीत ही अट वाटते तितकी सोपी नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दृश्य अलौकिक आहे, पण कातळाला पट्टा गुंडाळता येत नाही. गडांवरचे खांब, तोफा आणि देवळाच्या कमानी शेकडो वर्षे उभ्या आहेत त्या याच भरवशावर, की कोणी त्यांना झोळी बांधणार नाही. पांगारा आणि सावर यांच्या खोडाला काटे असतात. शेवगा ठिसूळ. नारळाखाली निजणाऱ्याची झोप वरच्या मजल्याच्या मर्जीवर चालते. आंब्याची सावली उत्तम, पण पाने शिवून घर करणारे तांबडे मुंगळे तिथले जुने रहिवासी असतात आणि पट्टा हा आपल्यासाठी बांधलेला पूल आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होते. भीमाशंकरच्या रानात हिरडा, अंजनी, जांभूळ हवे तितके आहेत. मात्र ते अभयारण्य असल्याने झाडांआधी वनखात्याची परवानगी गाठावी लागते.

एवढे झाल्यावर दोघांनी आत शिरायचे असते. प्रथम जड व्यक्तीने मधोमध बसावे, मग पाय वर घ्यावेत. हलक्या व्यक्तीने मागाहून यावे. जड कोण हे इथे बोलून ठरवावे लागत नाही, झोळी ते लगेच जाहीर करते. दोन टोकांना बांधलेले कापड नळाच्या कौलासारखे खोलगट होते आणि त्यात ठेवलेली प्रत्येक वस्तू तळाच्या रेषेवर येते. पहिल्या पाच मिनिटांत हे रम्य वाटते. पाऊण तासाने एकाचे कोपर दुसऱ्याच्या बरगडीत स्थिरावते आणि अंधारात ठरलेला संवाद ऐकू येतो.

“अरे, सरक ना जरा.”

“सरकलो होतो. परत आलो.”

यावर उलटसुलट निजण्याचा तोडगा सांगतात, म्हणजे एकाचे डोके तिथे दुसऱ्याचे पाय. दिवसभर बुटात कोंडलेल्या पायांचा मुद्दा तो सांगणाऱ्यांनी विचारात घेतलेला नसतो. शिवाय झोळीत पाठ सपाट राहायची असेल तर मधल्या रेषेला तिरके झोपावे लागते, आणि तिरके झोपायला रुंदी लागते. म्हणजे दुसऱ्या माणसासाठी दिलेली ती हातभर जागा पहिल्यालाच पुरी लागते.

थंडीचा हिशेबही उलटा आहे. स्लीपिंग बॅगची ऊब तिच्यात अडकलेल्या हवेची असते. पाठीखाली ती हवा दबून जाते आणि कापडाखालून वारा मोकळा फिरतो. डिसेंबरच्या पहाटे पोट उबदार आणि पाठ माठासारखी गार, अशी विभागणी होते. त्यावर झोळीच्या बाहेरून खाली टांगायची दुलई मिळते. आत मॅट घातली तरी चालते, पण ती रात्रभर बाहेर पडायची वाट शोधत असते. डास पातळ कापडातून खालूनही चावतात, म्हणून झोळीला सगळीकडून वेढणारी मच्छरदाणी बरी. वर छत ताणले तरी पाऊस पट्ट्यावरून ओघळत आत येतो. पट्ट्याला एक सुतळी लोंबती बांधली की पाणी तिच्यावरून जमिनीवर ठिबकते. या साऱ्या सामग्रीतली एवढी एकच वस्तू घरात फुकट मिळते.

शेवटी वजनाची बेरीज. झोळी ५५० ग्रॅम, पट्टे ३००, मच्छरदाणी ४००, वरचे छत ५५०: झाले १,८०० ग्रॅम. त्यात खालची दुलई धरली की आकडा दोन किलोंच्या वर जातो, आणि तेवढ्यात दोघांचा बरा तंबू येतो, ज्यात सरकलेला माणूस सरकलेला राहतो. उन्हाळ्यात, डास नसलेल्या कोरड्या रानात, नुसती झोळी आणि पट्टे नेले तर मात्र साडेआठशे ग्रॅममध्ये काम भागते आणि तिथे तिला तोड नाही.

तेव्हा दोघांच्या ट्रेकसाठी दोन झोळ्या घ्याव्यात. एकीखाली एक मात्र बांधू नयेत; वरच्या झोळीतून पडलेल्याला हसून उठता येत नाही. एकच घ्यायची असेल तर ती दोघांची, ७० डेनियरची घ्यावी. संध्याकाळी दोघांनी तीत बसून चहा प्यावा, आणि रात्री एकाने झोळीत झोपावे, दुसऱ्याने तंबूत.