सल्ल्याचा मक्ता

फुकट सल्ला देण्यात आम्हा पुणेकरांचा हात कुणी धरू शकत नाही. आमच्या सोसायटीत कुणी गाडी रिव्हर्स घ्यायला लागलं की चार जण मागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या" सुरू करतात. गाडी खांबाला टेकली की चौघांनाही एकदम दूध आणायचं आठवतं. त्या चौघांत मी असतोच. त्यामुळे याच कामावर काही माणसं पोट भरतात, तेही हिरवळीवर हिंडत, हे कळलं तेव्हा आपली उभी नोकरी चुकीच्या खात्यात गेली याची मला खात्री पटली. या माणसांना गोल्फमध्ये कॅडी म्हणतात.

आणि काय तो थाट! सामना चालू असताना खेळाडूने सल्ला मागायचा तो आपल्या कॅडीकडेच, असा नियमच आहे. शेजारच्या खेळाडूला "इथे कुठला क्लब घेऊ हो?" एवढं विचारलं तरी दोन फटक्यांचा दंड. हा नियम आमच्याकडे लागू झाला तर सदाशिव पेठ कायमची दंडात जाईल.

पण मक्त्याबरोबर क्लबांची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, बॅगही येते. पंधरा-वीस किलोंचं ते धूड खांद्यावर घेऊन अठरा होल, म्हणजे आठ-दहा किलोमीटर चालायचं. खेळाडू वाळूत उतरतो, फटका मारतो, निघून जातो. त्याच्या पावलांचे ठसे दाताळ्याने पुसत बसायचं कॅडीने. चेंडू पुसायचा, झेंडा सांभाळायचा, वारा जोखायचा, अंतरं वहीत टिपून ठेवायची. एवढा अभ्यास करून बोलायचं काय, तर "एकशे बावन्न यार्ड, वारा समोरून." या धंद्याचं जुनं ब्रीदच आहे : वेळेवर या, चालीला चाल ठेवा, तोंड मिटा. तिसऱ्या अटीवर माझा अर्ज बाद. त्यात २०१९पासून आणखी एक बंधन आलं : खेळाडू फटक्यासाठी पवित्रा घेऊ लागला की मुद्दाम त्याच्या मागे रेषेत उभं राहून दिशा दाखवायची नाही. म्हणजे "येऊ द्या, येऊ द्या"सुद्धा बंद!

शिवाय खांबाला टेकल्यावर कॅडीला पळता येत नाही. बॅग त्याच्याच खांद्यावर असते. २००१ची ब्रिटिश ओपन, रॉयल लिदमचं मैदान, शेवटचा दिवस. इयन वूसनम आघाडीवरच्या मंडळींत. पहिल्याच होलवर चेंडू एका फटक्यात आत जाता जाता राहिला. दुसऱ्या होलच्या सुरुवातीला मायल्स बर्न या त्याच्या कॅडीला बॅगेत ड्रायव्हर नावाचे दोन क्लब दिसले. बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब चालतात. हे भरले पंधरा. क्लब मोजायचे कॅडीने, दंड भरायचा खेळाडूने : दोन फटके. वूसनमने जादा ड्रायव्हर भिरकावला, टोपीही आपटली. शेवटी तो संयुक्त तिसरा आला, पण एवढं होऊनही त्याने बर्नला कामावर ठेवलं. पुढे दोनच आठवड्यांनी बर्न सकाळी झोपून राहिला आणि खेळायच्या वेळेला पोचलाच नाही. तेव्हा मात्र नारळ मिळाला. चौदापर्यंतची मोजणी चुकली तर माफी आहे, ब्रीदातली पहिली अट चुकली तर नाही.

नशीब उघडलं तर मात्र पैसा बरा. खेळाडू जिंकला तर बक्षिसातला दहा टक्के हिस्सा कॅडीचा, अशी मोठ्या स्पर्धांतली रूढ वाटणी. टायगर वूड्सच्या तेरा मोठ्या विजेतेपदांत बॅग स्टीव्ह विल्यम्सच्या खांद्यावर होती. तो हिशेब मी झोपताना करत नाही, झोप उडते. आपल्याकडच्या क्लबांत फेरीमागे ठरलेले पैसे. इथे कॅडीच्या जोडीला 'आगेवाला'ही असतो. साहेबांचा चेंडू जिथे पडायची शक्यता, तिथे जाऊन त्याने उभं राहायचं आणि चेंडू हुडकायचा. साहेब नवखे असतील तर चेंडूच त्याला हुडकतो. याच पायवाटेने आलेला, दिल्ली गोल्फ क्लबवर बॅगा वाहिलेला अली शेर १९९१मध्ये इंडियन ओपन जिंकला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फपटू. १९९३मध्ये त्याने तो पुन्हा मिळवला. पिढ्यान्‌पिढ्या साहेबांना सल्ले देणाऱ्या जमातीतल्या एकाने तेच सल्ले स्वतःवर वापरून पाहिले, तर हे असं झालं!

माझा आदर्श मात्र ऑगस्टाच्या मैदानावरचा कॅडी कार्ल जॅक्सन. १९९५च्या तिथल्या मास्टर्स स्पर्धेला त्याचा खेळाडू बेन क्रेनशॉ आला तो त्रेचाळिशीचा, सूर हरवलेला. गुरू हार्वी पेनिक नुकतेच गेलेले. सरावात जॅक्सनने त्याला दोनच गोष्टी सांगितल्या : पवित्र्यात चेंडू थोडा मागे घे, खांदा जरा आवळून फिरव. क्रेनशॉ स्पर्धा जिंकला आणि शेवटच्या होलवर वाकून रडला, तेव्हा त्याला सावरायला जॅक्सनच होता. त्या मैदानावर १९६१पासून मास्टर्स पाहिलेला माणूस. चौतीस वर्षं बघितलं आणि दोन वाक्यं बोलला. माझं प्रमाण नेमकं उलटं आहे : दोन मिनिटं बघतो आणि चौतीस वाक्यं बोलतो. दहा टक्के कुणी देत नाही ते उगाच नाही.