उद्यानात बसून जलरंग शिकण्याची शास्त्रोक्त पद्धत

जलरंगाच्या वर्गाला नाव घातलं की शिकाऊ चित्रकाराने आधी वार बघावा. मुंबईतल्या भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते, आणि नव्या ब्रशांच्या उत्साहाला वार कळत नाही.

मग खरेदी. कागद ३०० जीएसएमचा, सुती, खरबरीत. एका मोठ्या शीटच्या पैशात घरची भाजी येते, ही माहिती घरी देऊ नये. पातळ कागद घेऊन बचत करणाऱ्याला पहिल्याच वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या हाताला, कळतं की कागद पापडासारखा फुगतो आणि सगळं आकाश खड्ड्यात जाऊन साचतं. महागडा कागद कपाटात जपून ठेवण्यातही अर्थ नाही. मुंबईच्या दमट हवेत त्यावरचा सरसाचा थर मरतो आणि त्याचा टीपकागद होतो. रंगांत डिंक असतोच, काही विलायती कंपन्या मधही घालतात. अशी पेटी गवतावर उघडली तर मुंग्यांना चित्रकलेची गोडी लागते.

जागेची निवड विचारपूर्वक करावी. ही बाग १८६२ची, त्यामुळे झाडं वयाने ज्येष्ठ आणि आकाराने अवाढव्य. गोरखचिंचेचं खोड पाहून नवखा हरखतो, उर्वशीचे लाल झुबके पाहून तर वेडाच होतो. दोघांनाही लांबूनच नमस्कार करावा. कारण झाड म्हटलं की हिरवा आला, आणि ट्यूबमधला तयार हिरवा वापरायला सर मनाई करतात. निळ्यात पिवळा मिसळा, म्हणतात. मिसळता मिसळता त्यात चुकून लाल पडतो आणि अख्खी बाग शेवाळलेल्या टाकीच्या रंगाची होते.

त्यापेक्षा वस्तुसंग्रहालयाजवळचा दगडी हत्ती घ्यावा. तो मूळचा घारापुरीचा. इंग्रजांनी १८६४मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला तेव्हा उचलताना तो पडून फुटला. १९१४मध्ये तुकडे सांधून पुन्हा उभा केला. रंग करडा, हलण्याची शक्यता शून्य, आणि चित्रात पाय वाकडा आला तर दोष सांधणाऱ्यावर ढकलता येतो.

आता खरं काम, म्हणजे काहीही न करणं. वॉश टाकला की ब्रश खाली ठेवायचा. शिकाऊच्या हाताला हेच जमत नाही. कागदाची चकाकी जाऊन तो नुसता ओलसर उरतो, नेमका तेव्हाच ‘इथे जरा फिकं करू’ म्हणून तो पाण्याचा थेंब सोडतो. थेंब पसरतो, रंगाचे कण कडेला ढकलतो आणि आकाशात कातरलेल्या काठाचा एक फ्लॉवरचा गड्डा उगवतो. सर ‘हात लावू नका’ म्हणेपर्यंत त्याने दुसरा लावलेला असतो. एप्रिलच्या उन्हात वॉश ब्रशाच्या मागोमाग वाळतो, जुलैत डबा खाऊन झाला तरी ओलाच. मधला महिना शोधत बसू नये.

प्रेक्षकांची सोय वेगळी करावी लागत नाही. २०१६मध्ये हम्बोल्ट पेंग्विन आल्यापासून बागेत गर्दी असतेच, आणि पिंजऱ्यापलीकडे काही करून दाखवणारा प्राणी एकच, चित्रकार. ‘काका, पेंग्विन कुठेत?’ या प्रश्नाला मान न वळवता ब्रशानेच दिशा दाखवावी. ‘हा डोंगर का?’ असं चित्रातल्या हत्तीकडे बोट करून कोणी विचारलं तर ‘हो’ म्हणावं. वाद घालेपर्यंत वॉश वाळतो.

‘वॉटरकलर म्हणजे शाळेतलं ना?’ असंही एखादे आजोबा म्हणतील. त्यांना सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, हाताआड दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र आठवून द्यावं. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते चित्र कित्येक जण राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. आहे ते हळदणकरांचं, आणि जलरंगातलं. एवढं बोलून आपला कागद मात्र पालथा ठेवावा.

शेवटी सगळी चित्रं गवतावर मांडून सर एकेकाबद्दल बोलतात. ‘मोकळं आलंय’ म्हणजे रेखाटन चुकलं. ‘मूड आहे’ म्हणजे बाकी काही नाही. सही त्यानंतरच करावी, पूर्ण वाळलेल्या कागदावर, सर्वांत बिघडलेल्या कोपऱ्यात. जलरंग पारदर्शक, त्यामुळे सहीखाली डाग झाकला जात नाही. पण बघणारा नाव वाचण्यात गुंततो.