हिरवा शिक्का

हुलसूरच्या पोरांना कॉलेज निवडायला दोन राज्यं मोकळी. इकडे कर्नाटकात बसवकल्याण-भालकी, तिकडे महाराष्ट्रात निलंगा-लातूर. हद्द ओलांडली की पाट्यांची लिपी बदलते. बदलत नाही तो फाटकावरचा ‘हरित परिसर’ हा फलक. तो फ्लेक्सचा असतो आणि त्यावर ‘प्लास्टिकमुक्त’ असंही छापलेलं असतं.

हा हिरवा उमाळा कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या ‘नॅक’च्या कृपेचा. नॅकच्या 2017च्या चौकटीत एकूण 1000 गुणांपैकी 100 सातव्या निकषाला होते. सौर ऊर्जा, एलईडी दिवे, पावसाचं पाणी, कचरा, सायकली, पायवाटा, सगळ्याची विचारपूस. प्रश्न रास्तच. पण पुरावा म्हणून जिओटॅग केलेले फोटो जोडायचे असतात आणि तिथे प्राध्यापकांच्या प्रतिभेला धुमारे फुटतात. शोषखड्ड्याचा फोटो पुरतो. त्यात पाणी मुरलं का, हे कॅमेरा विचारत नाही. रोप मे महिन्यात करपतं, त्याचे अक्षांश-रेखांश मात्र टवटवीत राहतात. वाहनमुक्त दिनी साहेबांची गाडी फाटकाबाहेर थांबते आणि साहेब शंभर पावलं चालतात. फोटो त्या शंभरांचाच. नॅकचं पाहणी पथक यायच्या आदल्या दिवशी नर्सरीतल्या कुंड्या टेम्पोतून उतरायच्या, पथक गेलं की टेम्पोत चढायच्या. (वाहनबंदी टेम्पोला लागू नसायची.)

खऱ्या पाण्याचं म्हणाल तर, मांजरा नदीवर विसंबलेल्या लातूरला 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या साली ‘जलव्यवस्थापन’ या रकान्यात खरं लिहायचं, तर वाघिणी मोजाव्या लागल्या असत्या.

आता बिदरचं पाहा. बहमनी वजीर महमूद गवान यानं 1472 मध्ये तिथे मदरसा बांधला. विद्यार्थ्यांसाठी 36 खोल्या, शिक्षकांची निवासस्थानं, ग्रंथालय, मधोमध मोकळा चौक, खोल्यांत खेळती हवा आणि उजेड. जवळच नौबादला बहमनी काळातलीच सुरंगबावी आहे. जांभ्यातून झिरपलेलं पाणी खालच्या काळ्या पाषाणावर अडतं आणि भुयारातून नुसत्या उतारानं वाहत येतं. पंप नाही, वीजबिल नाही, उद्घाटनाची फीत नाही.

अशा मदरशात आज नॅकचं पथक गेलं तर काय होईल? सेन्सरवर चालणारे दिवे: निरंक. सौर पंप: निरंक. सामंजस्य करार: निरंक. हरित लेखापरीक्षणाचं प्रमाणपत्र: संस्थापकांशी संपर्क होऊ शकला नाही.

संस्थापकांना कागदाचा हिसका आधीच बसला होता. विरोधकांनी गवानच्या शिक्केदाराला फितवून कोऱ्या कागदावर त्याचा शिक्का उठवून घेतला, वर ओडिशाच्या राजाला लिहिलेलं फितुरीचं पत्र रचलं आणि सुलतानापुढे ठेवलं. सुलतानानं शिक्का पाहिला, मजकुराची शहानिशा केली नाही. 1481 मध्ये गवानचं शिर उडवलं गेलं. कोऱ्या कागदावर आधी शिक्का आणि मग मजकूर, ही पद्धत अहवाल लिहिणाऱ्यांना ओळखीची वाटेल.

1696 मध्ये झालेल्या एका स्फोटात मदरशाचा बराच भाग ढासळला. उरलेला अजून उभा आहे, आणि भर दुपारी आत गारवा असतो. कॉलेजांच्या सहली तिथे येतात. पोरं सावलीत डबे उघडतात, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या होतात, सर सगळ्यांना कमानीखाली दाटीवाटीनं उभं करतात. फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश नीट उमटले ना, एवढं पाहून घेतात. फोटो सातव्या निकषात जाणार असतो.