तक्तेकाका

आमच्या गच्चीला गळती लागली त्याच वर्षी सोसायटीचं सेक्रेटरीपद तक्तेकाकांकडे आलं. गळती अजून आहे. सेक्रेटरीही तेच आहेत.

कंत्राटदार आला की काका आधी त्याला गच्चीवर नेतात. खिशातली किल्ली गिलाव्यावर टकटकवतात आणि बद्द आवाज आला की त्याच्याकडे असं बघतात, जणू गिलावा त्यानेच फुगवला. कोटेशनचं पाकीट फाडायचं नाही, फुटपट्टीने उघडायचं; पाकीटही फायलीला लागतं.

मग तुलनात्मक तक्ता. एकाचा भाव चौरस फुटाला, दुसऱ्याचा ब्रासला, तिसऱ्याने सगळं काम उक्तं सांगितलेलं. ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, हे आता आमच्या वॉचमनलाही पाठ आहे. एकाने परांची भावात धरलेली, दुसऱ्याची वेगळी. एक जण खिडक्या वजा करतो, दुसरा हवेलाही प्लास्टर लावतो. सगळ्यात स्वस्त कोटेशनाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ सापडतं. १८ टक्के चढले की पहिला दुसरा होतो, आणि काका पेन्सिलीने त्याला हळहळत खालच्या ओळीत उतरवतात.

मग सगळ्यांना एका मापात आणायला नवी कोटेशनं. ती येईपर्यंत जुन्यांची ३० दिवसांची मुदत संपते, सिमेंटचा भाव चढतो. “बघा, घाई केली असती तर जुन्या भावात अडकलो असतो,” काका सभेत म्हणतात, आणि यात नक्की काय चुकतंय ते कुणाला पटकन सांगता येत नाही. इमारतीने तिशी ओलांडलीय. उपविधींप्रमाणे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. त्यालाही ३ कोटेशनं.

हसायला काय जातंय म्हणा. मागच्या कमिटीने तक्ता न करता स्वस्तातला पकडला होता. त्याने ॲडव्हान्स घेतला, बांबू बांधले आणि गेला तो गेलाच. त्या बांबूंवर आम्ही दोन वर्षं कपडे वाळवले.

गेल्या महिन्यात काकांच्याच बाथरूमचं छत ओलावलं. ते सोसायटीच्या ऑफिसात रकाने आखत असताना काकूंनी समोरच्या बिल्डिंगमधल्या मिस्त्रीला हाक मारली, चहा दिला आणि संध्याकाळच्या आत काम उरकून घेतलं.

काका घरी आले, छताकडे बघितलं, किल्ली काढून टकटक केली. आवाज खणखणीत आला.

“बाकीची दोन कुठायत?” त्यांनी विचारलं.